आंबापुऱ्याच्या सरहद्दीची शपथ

१

उदाजीराव गेले ते पौष वद्य प्रतिपदेच्या पहाटे, आणि सूर्य कासराभर वर यायच्या आत त्यांना विष घातल्याची बोंब आंबापुऱ्यात उठलीसुद्धा.

बोंब उठायला कारणही तसंच होतं. आंबापुरा धार संस्थानचा, पलीकडची सेमलखेडी देवासची, आणि दोन्हींच्या मधोमध पाण्यानं भरलेलं तळं. तळं कुणाचं, या एका प्रश्नावर दोन्हीकडच्या वकिलांची उभी हयात गेली होती. सरहद्दीचे जुने दगड काही पुरात वाहून गेले, काही लोकांनी उचलून चुलीला आणि गोठ्याला लावले. धारचा नकाशा तळं धारला द्यायचा, देवासचा देवासला. दोन्ही नकाशे सुरेख रंगवलेले, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ असेल तर शपथ!

सरहद्दीचा निवाडा करायला आलेले इंग्रज साहेब शेवटी कातावले. दोन्ही बाजूंना मान्य असेल तर जुन्या चालीनं होऊ दे म्हणाले. मग दोन्ही बाजूंनी बोट दाखवलं ते उदाजीरावांकडे. हा म्हातारा मराठा जहागीरदार राहायला आंबापुऱ्यात होता खरा, पण त्याच्या तोंडून कधी खोटं निघालं नाही, हे सेमलखेडीही कबूल करायची. अमावास्येला डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन, अनवाणी, उदाजीराव देवळापासून नदीपर्यंत चालले. ते चालले ती सरहद्द. तळं धारकडे आलं.

पण चाल एवढ्यावर संपत नाही. पौर्णिमेचा चंद्र उगवेपर्यंत चालणाऱ्याच्या घरात मरण घडता कामा नये. घडलं तर शपथ खोटी, माणूस खोटा, आणि रेघ पुसून समोरच्याची रेघ खरी.

पौर्णिमेचा चंद्र उगवला. आंबापुऱ्यात ढोल वाजला. आणि दुसऱ्या पहाटे उदाजीराव गेले!

साहेबांचा तळ बदनावरच्या वाटेवर होता. उद्या सकाळी दगड रोवायचा होता आणि आज ही बातमी. साहेबांनी आपले शिरस्तेदार नीलकंठपंत यांना घोड्यावर घालून पाठवलं. "खून असेल तर कुणी केला ते संध्याकाळपर्यंत सांगा," एवढंच म्हणाले.

नीलकंठपंत निघाले. त्यांना कुठेही पाठवलं तरी ते निघत. कार्तिकात त्यांची बायको प्लेगात गेली, तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. दुःखसुद्धा होईना, याचं त्यांना आधी नवल वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. लोक म्हणत, पंत मोठ्या धीराचे. कसला धीर आणि कसलं काय! ताट समोर आलं तर जेवायचं, न आलं तर राहिलं.

ते पोचले तेव्हा नदीकाठी चिता पेटलेली होती. उदाजीरावांच्या अंगणात धारचे वकील श्रीपादराव लालबुंद होऊन येरझारा घालत होते.

"पंत, उशीर केलात! जमुनाबाईंनी उजाडता उजाडता माणसं बोलावून प्रेत हलवलं. मी पोचेपर्यंत तिरडी दाराबाहेर. पण मी सोडणार नाही. हा खून आहे, आणि खुनी तिकडे सेमलखेडीत हुक्का ओढत बसलाय."

"कोण?"

"देवासचा वकील, दत्ताजी. काल चंद्र उगवल्यावर त्यानं मिठाईचं ताट पाठवलं. हरलेला माणूस मिठाई पाठवतो? आणि तोही असल्या कोत्या मनाचा? म्हातारा पहाटेपर्यंत टिकला नाही. त्या ताटात विष होतं, पंत!"

२

"ताट कुठे आहे?" पंतांनी विचारलं.

श्रीपादराव येरझारा घालता घालता थबकले. हे त्यांना सुचलंच नव्हतं.

ताट आतल्या फडताळात मिळालं. वरचा रुमाल जसा बांधून आला तसाच, गाठसुद्धा सुटलेली नव्हती. आत मावाबाटीचा ढीग. ताटातला एक कण कुणी हलवला नव्हता.

"न खाल्लेल्या मिठाईनं माणूस मरत नाही, श्रीपादराव."

"मग आणखी कशात तरी घातलं असेल," श्रीपादराव म्हणाले. पण आवाज उतरला होता.

पंत ताटाकडे बघत उभे राहिले. पौर्णिमेची रात्र, नवस फेडायचा दिवस, जन्माची शपथ खरी ठरलेली. घरात मिठाई आली आणि देवापुढेही ठेवली गेली नाही? त्यांनी ताट पुन्हा झाकलं.

सेमलखेडीत दत्ताजी हुक्का ओढत नव्हते. डोक्याला फडकं बांधून पडले होते. देवासच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या गादीचे, हे वकील स्वभावानं तिखट, पण आज त्यांना तिखटपणाचीही ताकद नव्हती.

"मी मारला म्हणतात ना? अहो, मारायचाच असता तर काल चंद्र उगवायच्या आधी मारला असता! तेव्हा मेला असता तर तळं माझं होतं. चंद्र उगवल्यावर मारून मला काय मिळणार, लोणचं?"

हे बोलणं पंतांना पटलं.

"मिठाई का पाठवलीत?"

"म्हातारा खरा होता म्हणून. मी जन्मभर त्याच्या विरुद्ध भांडलो, पण तो खोटं चालला असं मला क्षणभरही वाटलं नाही. लिहून घ्या हवं तर. नका घेऊ, माझी नोकरी जाईल."

"तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?"

"कालच सकाळी. रोज सकाळी मी आणि श्रीपादराव, दोघं मिळून अंगणात जायचो. करारच होता तसा. म्हातारा माडीच्या खिडकीत बसलेला असे, पगडी, घोंगडी, सगळं. आम्ही रामराम घातला की हात वर करायचा. तेरसेपासून त्यानं मौन धरलं, पौर्णिमेपर्यंत बोलणार नाही म्हणून. बाईंनीच सांगितलं. हात मात्र रोज वर करायचा."

"तब्येत?"

"उलट सुधारली होती! आधी काय तो खोकला. तेरसेपासून ठणठणीत. मीच श्रीपादरावांना म्हटलं, आता मिळालं तुम्हांला तळं."

पंत उठले. दत्ताजींनी डोक्याचं फडकं आवळलं आणि ते कडवटपणे म्हणाले, "मला माझ्याच माणसाचा जास्त संताप आलाय. तो विश्वासराव! उदाजीरावांचा सख्खा पुतण्या, पण राहतो आमच्या बाजूला. काकाशी वर्षानुवर्षं बोलणं नाही. त्याची अमराई देवासच्या सनदेवर आहे. ही रेघ लागली की अमराई धारकडे आणि सनद चुलीत. सगळ्यांत जास्त नुकसान त्याचं. म्हणून चतुर्दशीला आम्ही मारुतीपुढे नारळ फोडला, आपली बाजू राहू दे म्हणून, तेव्हा त्याला मुद्दाम नेला. तर हा बाबा पायरीच्या वर चढेना! प्रसाद दिला तर हात मागे घेतला. म्हणे पाठ दुखते. पाठ दुखते म्हणून कुणी प्रसाद नाकारतो का हो, पंत?"

३

पंत घोडा हातानं धरून पायी परत निघाले. मारुतीच्या देवळाशी त्यांचे पाय थांबले.

पायरीच्या वर न चढणं. प्रसादाला हात न लावणं. कार्तिकात हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं. तेव्हा काही वाटलं म्हणून नव्हे. सुतकात देवळात जात नाहीत, म्हणून.

सुतक! पण चतुर्दशीला विश्वासरावाला सुतक कुणाचं?

उदाजीरावांचा जुना चौकीदार भेरू तळ्याच्या बांधावर बसून रडत होता. पंत त्याच्याजवळ टेकले.

"भेरू, मालकांच्या भाऊबंदांत एवढ्यात आणखी कुणी वारलं का? धारला, कुक्षीला, कुठेही?"

"नी पंतजी, कोई नी मर्‍यो," भेरू नाक पुसत म्हणाला. "एक मालक ही गया."

"त्यांचा खोकला कसा होता?"

"मालक की खांसी से तो आखो गाम जागतो थो. ठंड में नंगे पाँव चाल्या नी, छाती बैठी गई. फिर तेरस से एकदम बंद हुइगी. म्हने सोच्यो, भगवान ने सुणी."

"आणि विश्वासराव? काकाकडे येत होते?"

भेरू बांधावरचं गवत उपटू लागला. मालकाच्या घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही ही त्याची जन्माची सवय. पण समोर पंतांचा चेहरा असा कोरा होता की त्याला भीतीही वाटेना. अखेर तो पुटपुटला, की तेरसेपासून रोज भल्या सकाळी विश्वासराव मागच्या दारानं येत, दुधाची चरवी घेऊन. काका-पुतण्यांचं गोड झालं म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

"परत कधी जायचे?"

"दोनी वकील साब आता, रामराम करता, चल्या जाता. उका बाद."

पंत नदीवर गेले. चिता बसली होती. अग्नी विश्वासरावानंच दिला होता, कारण उदाजीरावांना मूल नव्हतं. मुंडन केलेला, ओलेत्या धोतरातला तो उंच गडी दगडावर बसला होता. अंगकाठी थेट काकाची, हे श्रीपादराव अंगणात बोलता बोलता म्हणालेच होते.

"तुमचं काकांशी कशावरून बिनसलं होतं?" पंतांनी विचारलं.

"बांधावरून," विश्वासराव म्हणाला. "माझ्या शेताचा बांध मी थोडा सरकवला होता. काकासाहेबांनी भर पंचायतीत सांगितलं, पोरानं बांध सरकवलाय. स्वतःच्या पुतण्याला! मी त्यांना त्या दिवसापासून तोंड दाखवलं नाही."

"सरकवला होतात?"

"होता."

"या रेघेनं तुमची अमराई जाईल."

"जाईल."

"मग चतुर्दशीला तुम्ही मारुतीकडे काहीच का मागितलं नाहीत?"

विश्वासरावानं पंतांकडे पाहिलं आणि त्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, पगडी सावरायला जातो तसा. डोक्यावर पगडी नव्हती. तो उठला आणि नदीत शिरला.

४

जमुनाबाई मागच्या ओसरीवर खांबाला टेकून बसल्या होत्या. कुंकू पुसलेलं, हात मोकळे. बायका सांत्वन करून गेल्या होत्या. पंतांना पाहून त्यांनी पदर पुढे ओढला.

"बाई, मला देवघर दाखवता?"

त्या दचकल्या. "आज सुतक आहे. पूजा नाही."

"आजचं ठाऊक आहे. कालची पूजा बघायची आहे."

त्या हलल्या नाहीत. पंत दाराशी उभे राहूनच आत डोकावले. कोनाड्यातल्या देवांवरची झेंडूची फुलं सुकून काळवंडली होती. समईत तेल वाळून चिकट झालं होतं. पौर्णिमेच्या दिवशी, घराण्याची अब्रू टांगणीला लागलेली असताना, या घरात देवाला एक ताजं फूल वाहिलं गेलं नव्हतं.

पंत ओसरीच्या कडेला बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. तो चढतच नसे हल्ली.

"बाई, मी सांगतो, चुकलं तर थांबवा. श्रीपादराव म्हणतात खून झाला. दत्ताजी म्हणतात, मारायचा तर आधी मारला असता. दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की उदाजीराव आज पहाटे गेले. पण तेरसेला त्यांचा खोकला थांबला. तेरसेलाच मौन सुरू झालं. तेरसेपासून विश्वासराव मागच्या दारानं यायला लागले आणि वकिलांचा रामराम झाल्यावर परत जायला लागले. चतुर्दशीला ते देवळाची पायरी चढले नाहीत. पौर्णिमेला तुम्ही पूजा केली नाहीत, नैवेद्य दाखवला नाहीत, आलेल्या मिठाईची गाठ सोडली नाहीत. तुम्ही दोघांनी दोन संस्थानांना फसवलंत, साहेबांना फसवलंत. देवाला फसवणं मात्र तुमच्या हातून झालं नाही. सुतक पाळलंत."

मागच्या दारात विश्वासराव येऊन उभा होता, अजून ओलाच.

"खिडकीत मी बसत होतो," तो म्हणाला. "काकीकडे काही नाही. मला बांधा."

"थांब रे," जमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी पदर मागे सारला आणि पंतांकडे सरळ पाहिलं. "तेरसेच्या सकाळी गेले. खोकता खोकता. मी एकटी होते. रडले असते तर गाव गोळा झालं असतं. तोंडात पदर कोंबला. याला निरोप धाडला, कारण दुसरं कुणी नव्हतं. वाटलं, येईल न येईल. आला."

५

"का आलात?" पंतांनी विश्वासरावाला विचारलं. "नुसतं घरी बसला असतात तरी अमराई राहिली असती. रेघ आपोआप पुसली गेली असती."

"रेघ खरी होती ना, पंत!" विश्वासराव एकदम ओरडला. "लहानपणी आजोबांनी मला त्याच दगडांवरून चालवलं होतं. मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो. काकासाहेब चालले ते बरोबर त्याच वाटेनं. आणि छातीत थंडी भरली म्हणून जग त्यांना खोटं म्हणणार? जो माणूस माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलला नाही, त्याला?"

रेघ खरी की खोटी हे कागदांवरून कधीच कळलं नव्हतं. साहेबांच्या दुर्बिणीलाही कळलं नव्हतं. पण स्वतःची अमराई जाईल अशी रेघ वाचवायला मेलेल्या काकाची पगडी घालून खिडकीत बसणारा माणूस समोर उभा होता. याहून मोठी साक्ष कुठल्या कचेरीत मिळणार?

"काय लिहिणार तुम्ही?" जमुनाबाईंनी विचारलं. "खरं लिहायचं तर लिहा. पण असं लिहा, की बाई खोटी निघाली. ते खोटे नव्हते."

"तसं लिहून चालत नाही. तुम्ही खोट्या निघालात की शपथ मोडते, शपथ मोडली की ते खोटे. करार तसाच आहे." पंत उठले. "मी लिहितो, की म्हातारपण होतं, थंडीत अनवाणी चालले, छाती भरली, त्यातच गेले. कुणी मारलं नाही. यातलं एकही अक्षर खोटं नाही."

"आणि दिवस?"

"प्रतिपदा."

विश्वासरावानं पंतांना हात जोडले. जमुनाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसली नाही. त्या ओसरीच्या फरशीवर बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे आता जन्मभर प्रतिपदाच," त्या हळूच म्हणाल्या. "श्राद्ध प्रतिपदेला करायचं. तेरसेला या घरात पान वाढलं तर कुणीतरी विचारणारच, आज का? गाव बारीक असतं, पंत. खऱ्या दिवशी ते येतील आणि उपाशी परत जातील. हे मी तेव्हाच समजून होते. कुंकू लावून बसले होते ना मी ते दिवस, विधवा असून? पण ते पुसता आलं. हे पुसता येणार नाही." त्यांनी वर पाहिलं. "एक मागू? पौषातल्या शुद्ध तेरसेला तुमच्या घरी त्यांच्या नावानं एक पान वाढाल? तुमच्या घरी कोण विचारणार आहे? घरात सांगा, एका ओळखीच्या म्हाताऱ्याचं आहे म्हणून."

"माझ्या घरी रांधणारं कुणी नाही, बाई."

हे त्यांनी इतक्या सपाट सुरात सांगितलं की जमुनाबाईंना आधी उमगलं नाही.

"म्हणजे?"

"मंडळी कार्तिकात गेल्या. प्लेगात. मी मोजणीवर होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं होतं."

जमुनाबाईंनी तोंडावर हात ठेवला. मग स्वतःचं सुतक, समोरचा सरकारी माणूस, सगळं विसरून त्या पुढे सरकल्या. "अगं बाई! आणि तुम्ही असे गावोगाव फिरताय?"

"काम असतं," पंत म्हणाले. "मी रांधीन. येत नाही, पण रांधीन. त्यांना काय आवडायचं तेवढं सांगा."

जमुनाबाई सांगू लागल्या. गुळाच्या पोळ्या आवडायच्या, पण संक्रांतीचा तो पदार्थ श्राद्धाला नाही करता येत, तेव्हा खीर करा. खिरीत वेलची नको, वेलचीचा त्यांना राग. वडे हवेत, पण कडक. वड्यावर दात वाजला पाहिजे म्हणायचे. कढी आंबट, अगदी तोंड वाकडं होईल अशी, आणि ती प्यायची तर फुर्र करून, लाज म्हणून नाही, पाहुणे आले तरी तसंच. बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. तेरसेपासून कोंडलेलं रडू आलं ते आता, मोठ्यानं, गाव ऐको न ऐको. विश्वासराव भिंतीकडे तोंड करून हुंदके देऊ लागला. पंत ऐकत होते आणि मनात घोकत होते. वेलची नाही. वडे कडक. कढी आंबट.

रडून झाल्यावर जमुनाबाईंनी डोळे पुसले. घरी आलेल्याची विचारपूस करावी तसं त्यांनी सहज विचारलं, "आणि तुमच्या मंडळींना हो? त्यांना काय आवडायचं?"

नीलकंठपंतांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

त्यांना माहीत नव्हतं. ती त्यांना वाढायची, आणि ते जेवायचे. मग ते मोजणीवर जायचे. ती मागाहून काय खायची, कशाला हसायची, कशावर तिचा राग होता, यातलं एकही त्यांना सांगता येईना. त्यांनी आठवून पाहिलं. पुन्हा आठवून पाहिलं. स्वयंपाकघर आठवलं, पाट आठवला, वाढणारा हात आठवला. पुढचं काही येईना.

"पंत?" जमुनाबाई म्हणाल्या.

पंत ओसरीच्या पायरीवर खाली बसले, आणि कार्तिकापासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. अंग गदगदा हलू लागलं. "प्रमोदिनी," ते म्हणाले. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नसतं, पण ते घेत राहिले, पुन्हा पुन्हा. त्यांच्याजवळ तिचं तेवढंच होतं.